दुखणे, दारू आणि फोनवरचा समुपदेशक

१९९६च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले आणि एचआयव्हीसह दीर्घकाळ जगणे शक्य झाले. भारतात १ एप्रिल २००४ पासून ही औषधे, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. माणसे वाचली, पण तेव्हाच्या गोळ्यांत बहुधा स्टॅव्ह्युडिन असे आणि ते नसांना इजा करी. तळपायांची आग होई, मुंग्या येत, रात्र-रात्र डोळा लागत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली, तोवर अनेकांच्या नसा बिघडल्या होत्या.

असे दुखणे असले की झोपेसाठी बाटली जवळची वाटते. ती काही तास वेदना दडपते, पण नसाही बिघडवते. वर नशेत रात्रीची गोळी चुकते आणि विषाणू पुन्हा वाढतो. तरी उपचारांची वाटणी कायम राहिली: विषाणू एआरटी केंद्राकडे, दारू व्यसनमुक्तीकडे, दुखणे वेदनाशामकांवर. अमेरिकेत तर अफूच्या जातीच्या, ओपिऑइड वेदनाशामक गोळ्या इतक्या सढळपणे दिल्या गेल्या, की २०१६ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण संस्थेला, सीडीसीला, त्यांना आवर घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली.

गोळीशिवाय, नुसत्या बोलण्यातूनही उपचार होतो, याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारी गोव्यात मिळाला. 'संगाथ' या संस्थेच्या प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ३६ टक्के जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण २६ टक्के होते. ही चाचणी एचआयव्ही असलेल्यांची नव्हती. एचआयव्हीची जोड बॉस्टन विद्यापीठाच्या टिबोर पालफाय यांच्या गटाने दिली. त्यांनी वेदना आणि दारू एकाच समुपदेशनात, तेही व्हिडिओ कॉलवर घेतली. 'सोडा' असा उपदेश न करता पिण्याने काय हिरावले हे रुग्णालाच बोलू द्यायचे. मग झेपेल तेवढेच काम, विसावा, झोप यांची घडी बसवायची.

कोविडने दूरस्थ उपचार सर्वत्र नेले. भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली, २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची फोनसेवा. पण एका खोलीच्या घरात, आजार लपवून जगणाऱ्याने फोनवर बोलायचे कुठे? म्हणून फोन हा केंद्राला पर्याय नव्हे, जोड आहे. एआरटी केंद्रांनी दर भेटीत दोन प्रश्न विचारायलाच हवेत: किती दुखते आणि किती पिता? आणि मन मोकळे करायचे असेल, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.