देवासमोर आणि देवास मोर

शुद्धलेखनाच्या तासाला मी 'तो देवासमोर दिसला' असे वाक्य सांगितले आणि देवासच्या एका मुलाने लिहिले, 'तो देवास मोर दिसला.' अक्षर एकही चुकले नाही. चुकली ती मधली जागा. आणि ईश्वराच्या ठिकाणी गाव आले, वर मोरही आला!

सजीवांच्या पेशीतही अशी मधली जागा अर्थ पालटविते. पाव फुगविणारे यीस्ट घ्या. त्याची सुमारे 6000 जनुके डीएनएच्या साखळीवर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली आहेत. जनुकाच्या अलीकडे छोट्या खुणा असतात. त्यांवर ठराविक प्रथिन येऊन बसले की जनुकाचे काम सुरू होते. गॅलॅक्टोज हा दुधातील साखरेचा घटक. तो पचविण्यास लागणारी गॅल-1 व गॅल-10 ही जनुके एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. मधल्या पट्टीत गॅल-4 या प्रथिनाच्या चार खुणा असून दोघांनाही हुकूम तेथूनच सुटतो. 1948 पर्यंत देवासला एका गावात दोन दरबार होते. येथे दोन घरांना एकच दरबार आहे.

खूण अशी : सी-जी-जी ही तीन अक्षरे, मध्ये जागा, मग तीच अक्षरे उलट दिशेने. जागा 11 अक्षरांची असली तर गॅल-4 बसते. ती 10 अक्षरांची असली तर पुट-3 येते आणि त्याचे काम अगदी वेगळे, प्रोलीन वापरण्याचे. ही प्रथिने जोडीने बसतात व प्रत्येक जोडीची ढांग ठरलेली असते.

खूण जनुकापासून किती दूर, यालाही महत्त्व आहे. डीएनए हा पिळलेला दोर. सुमारे साडेदहा अक्षरांत त्याचा एक वेढा पुरा होतो. खूण पाच अक्षरे सरकली की ती दोराच्या पाठीमागे जाते. 2012 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी हजारो कृत्रिम रचना यीस्टमध्ये तपासल्या. जीसीएन-4 या प्रथिनाची खूण सरकवीत नेली, तेव्हा जनुकाचे काम सुमारे दहा-दहा अक्षरांच्या लयीने कमीजास्त होताना दिसले.

हे कुतूहल यीस्टपुरतेच नाही. गॅलॅक्टोज पचविणारे एक जनुक माणसातही आहे. त्याच्या 'ड्यूआर्ट' नावाच्या प्रकारात जनुकाअलीकडची चार अक्षरे गळालेली असतात आणि विकर कमी बनते. त्याची दुसरी प्रत निकामी असलेल्या बाळाचे दूध तोडावे की काय, हा प्रश्न आईबापांना व डॉक्टरांना कित्येक वर्षे छळत होता. 2019 मध्ये अमेरिकेत 6 ते 12 वर्षांच्या अशा मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. दूध प्यालेल्या आणि न प्यालेल्या मुलांच्या वाढीत फरक आढळला नाही.