पेंटियम ४ आणि अ‍ॅथलॉन ६४ : प्रक्रियकांच्या कार्यक्षमतेची तुलना

बीजसंज्ञा : प्रक्रियक, घड्याळ-वारंवारता, पाइपलाइन, कॅश स्मृती, मापनचाचणी

प्रास्ताविक

संगणकाच्या बाजारपेठेत दीर्घकाळ एकच प्रश्न विचारला जात असे : ‘किती गिगाहर्ट्झचा आहे?’ जाहिरातीत हाच आकडा ठळक असे, दरपत्रकातही तोच पहिल्या रकान्यात असे. साहजिकच, आकडा मोठा तो संगणक वेगवान, असा समज रूढ झाला. या समजाची खरी कसोटी २००० ते २००६ या कालखंडात लागली. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ आणि एएमडी कंपनीचा अ‍ॅथलॉन ६४ हे प्रक्रियक (प्रोसेसर) तेव्हा परस्परांसमोर उभे होते. सप्टेंबर २००३ मध्ये आलेला अ‍ॅथलॉन ६४ ३२००+ हा केवळ २.० गिगाहर्ट्झचा होता, तर त्याच वर्षी जूनमध्ये आलेला पेंटियम ४ हा ३.२ गिगाहर्ट्झचा होता. तरीही अनेक कामांत पहिला दुसऱ्याच्या बरोबरीने, तर काही कामांत त्याहूनही सरस ठरला. असे का घडले, आणि दोन प्रक्रियकांची तुलना न्याय्य रीतीने कशी करावी, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. घड्याळाचा ठोका आणि प्रत्यक्ष काम

प्रक्रियकाचे सर्व काम अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. २ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २०० कोटी ठोके. परंतु ठोका म्हणजे पूर्ण झालेले काम नव्हे. एखादी आज्ञावली पूर्ण होण्यास लागणारा वेळ तीन घटकांच्या गुणाकाराने ठरतो : आज्ञांची एकूण संख्या, प्रत्येक आज्ञेमागे सरासरी लागणारे ठोके आणि एका ठोक्याचा कालावधी. गिगाहर्ट्झचा आकडा यांपैकी फक्त तिसऱ्या घटकाविषयी सांगतो. चालणाऱ्या माणसाची पावले मिनिटाला किती पडतात एवढेच कळले आणि पाऊल किती लांब पडते हे कळले नाही, तर तो किती अंतर कापेल हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ७२० कोटी आज्ञांचे एक काम आहे. ३.० गिगाहर्ट्झचा ‘अ’ प्रक्रियक दर ठोक्याला सरासरी ०.७५ आज्ञा पूर्ण करतो, तर २.० गिगाहर्ट्झचा ‘ब’ प्रक्रियक १.२ आज्ञा पूर्ण करतो. ‘अ’ला ३.२ सेकंद लागतील आणि ‘ब’ला ३.० सेकंद. म्हणजे दीडपट वारंवारता असूनही ‘अ’ मागे पडतो. आता तेवढ्याच आज्ञांचे, पण वेगळ्या स्वरूपाचे काम दिले आणि त्यात ‘अ’ दर ठोक्याला १ आज्ञा पूर्ण करू लागला, तर त्याला २.४ सेकंदच लागतील आणि ‘ब’ मागे पडेल. प्रक्रियक तेच, परंतु काम बदलताच निकाल उलटला.

२. दोन रचना, दोन विचार

नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ बाजारात आला, तेव्हा त्याच्या रचनेचा मुख्य हेतू वारंवारता वाढवणे हा होता. त्यासाठी आज्ञेवरील प्रक्रिया अनेक लहान टप्प्यांत विभागण्यात आली. टप्प्यांच्या या मालिकेस पाइपलाइन म्हणतात. २००३ मधील दोन्ही प्रक्रियकांची प्रमुख वैशिष्ट्ये पुढील कोष्टकात दिली आहेत.

| घटक | पेंटियम ४ (३.२ गिगाहर्ट्झ) | अ‍ॅथलॉन ६४ ३२००+ |
|---|---|---|
| घड्याळ-वारंवारता | ३.२ गिगाहर्ट्झ | २.० गिगाहर्ट्झ |
| पाइपलाइनचे टप्पे | २० | १२ |
| पहिल्या स्तराची डेटा कॅश | ८ किलोबाइट | ६४ किलोबाइट |
| दुसऱ्या स्तराची कॅश | ५१२ किलोबाइट | १ मेगाबाइट |
| स्मृती-नियंत्रक | मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये | प्रक्रियकातच |
| ६४ बिट आज्ञासंच | नाही | आहे |

टप्प्यांच्या संख्येचा परिणाम स्लॅब टाकताना घमेली हातोहात देणाऱ्या मजुरांच्या रांगेवरून समजून घेता येतो. तेवढ्याच अंतरात १२ ऐवजी २० मजूर उभे केले, तर प्रत्येकाला घमेले थोड्याच अंतरावर द्यावे लागते. हात भरभर चालतात आणि मिनिटाला अधिक घमेली वर पोहोचतात. परंतु कालवलेला मालच चुकीचा आहे असे वरून सांगण्यात आले, तर रांगेतील सगळी घमेली रिती करून पुन्हा खालपासून सुरुवात करावी लागते. रांग जितकी लांब, तितका माल आणि श्रम अधिक वाया जातात.

प्रक्रियकात असा प्रसंग वारंवार येतो. सर्वसाधारण आज्ञावलीत साधारण पाच-सहा आज्ञांमागे एखादी आज्ञा ‘जर-तर’ स्वरूपाची असते. उदाहरणार्थ, गुण ३५ किंवा अधिक असतील तर ‘उत्तीर्ण’, अन्यथा ‘अनुत्तीर्ण’. निर्णय कळेपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून प्रक्रियक अंदाज बांधून पुढील आज्ञा आत घेतो. अंदाज बहुधा बरोबर येतो, पण चुकल्यास अर्धवट झालेले काम टाकून द्यावे लागते. पेंटियम ४ ला हा दंड अधिक बसे. याउलट चित्रफीत संकेतबद्ध करण्यासारख्या कामात एकसारख्या क्रियांचा ओघ चालतो. तेथे अंदाज क्वचितच चुकतो, आणि पेंटियम ४ ची उच्च वारंवारता फलदायी ठरे.

दुसरा महत्त्वाचा भेद स्मृतीसंबंधी होता. मुख्य स्मृतीतून माहिती येण्यास प्रक्रियकाच्या दृष्टीने फार वेळ लागतो. अ‍ॅथलॉन ६४ मध्ये स्मृती-नियंत्रक प्रक्रियकातच बसवल्याने ही प्रतीक्षा कमी झाली. संगणकीय खेळांत त्याला मिळालेल्या आघाडीचे हे एक प्रमुख कारण होते.

३. मापनचाचण्यांचे मोल आणि मर्यादा

वारंवारतेवर विसंबता येत नाही म्हणून प्रत्यक्ष आज्ञावली चालवून वेळ मोजणे हाच मार्ग उरतो. या हेतूने १९८८ मध्ये स्पेक ही संस्था स्थापन झाली. तिच्या सीपीयू २००० या चाचणीसंचात अनेक आज्ञावलींचा वेळ एका संदर्भयंत्राच्या वेळेशी ताडून पाहिला जाई आणि त्या गुणोत्तरांचा भूमितीय मध्य काढला जाई.

भूमितीय मध्यच का, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कामात ‘अ’ हा ‘ब’च्या दुप्पट वेगवान आहे, दुसऱ्या कामात ‘ब’ हा ‘अ’च्या दुप्पट वेगवान आहे. ‘ब’ला प्रमाण मानून गुणोत्तरांची नेहमीची सरासरी काढली, तर २ आणि ०.५ यांची सरासरी १.२५, म्हणजे ‘अ’ २५ टक्क्यांनी सरस ठरतो. ‘अ’ला प्रमाण मानले, तर त्याच रीतीने ‘ब’ २५ टक्क्यांनी सरस! भूमितीय मध्य दोन्ही वेळा १ येतो. आकडेमोड अचूक असूनही निष्कर्ष दिशाभूल करणारा असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

चाचणीत कोणती कामे घ्यावीत, हाही वादाचा विषय ठरला. पेंटियम ४ च्या सुरुवातीच्या काळातील काही चाचण्यांचे गुण इंटेलने आपल्याला अनुकूल करून घेतले, असा आरोप करणारा ग्राहकांचा दावा अमेरिकेत चालला. २०१४ मध्ये तो तडजोडीने मिटला. इंटेलने आरोप मान्य केला नाही, परंतु पात्र ग्राहकांना १५ डॉलर देण्याचे ठरले. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरही तटस्थ असतोच असे नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार, आपला कंपायलर इतर कंपन्यांच्या प्रक्रियकांसाठी तितकाच अनुकूल नसू शकतो हे स्पष्टपणे सांगणे इंटेलवर बंधनकारक झाले.

४. वारंवारतेच्या शर्यतीचा शेवट

फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ ची प्रेस्कॉट ही आवृत्ती आली. तिच्यात टप्प्यांची संख्या ३१ वर गेली. अपेक्षा अधिक वारंवारतेची होती, परंतु वीजवापर आणि उष्णता यांनी वाट अडवली. ४ गिगाहर्ट्झचा नियोजित पेंटियम ४ ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द करण्यात आला आणि ही मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. त्याच वर्षी इंटेलने प्रक्रियकांच्या नावांत गिगाहर्ट्झऐवजी क्रमांक देण्यास सुरुवात केली. ‘३२००+’ सारख्या क्रमांकांनी एएमडी जे सुचवू पाहत होती, त्याची ही एक प्रकारे अप्रत्यक्ष कबुलीच होती.

जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर २ ड्युओ आणला. त्याची पाइपलाइन १४ टप्प्यांची होती. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या आवृत्तीने कितीतरी अधिक वारंवारतेच्या पेंटियम डी प्रक्रियकांना मागे टाकले आणि एएमडीची आघाडीही संपुष्टात आणली. वारंवारतेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता स्वतःच त्या मार्गावरून परतला.

५. खरेदीसाठी निकष

वरील इतिहासाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. गिगाहर्ट्झची जागा आता बहुतांशी कोअरच्या संख्येने घेतली आहे. परंतु एकाच प्रक्रियकात शक्तिशाली आणि वीजबचत करणारे असे दोन प्रकारचे कोअर असू शकतात, तेव्हा केवळ संख्येची तुलना पुन्हा फसवी ठरते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी मर्यादित निधीतून संगणक घेताना पुढील बाबी पाहाव्यात :

१) विद्यार्थी प्रत्यक्ष वापरणार असलेली आज्ञावलीच दोन्ही संगणकांवर चालवून वेळ मोजावा.

२) स्मृती, डिस्क आणि कार्यप्रणाली दोन्हीकडे शक्य तितकी समान ठेवावी. अन्यथा तुलना प्रक्रियकांची राहत नाही.

३) चाचणी अनेकदा घ्यावी आणि प्रत्येक कामाचा निकाल स्वतंत्रपणे नोंदवावा. एका सरासरीत सर्व काही दडवू नये.

४) किंमत आणि वीजवापर यांचाही हिशेब मांडावा.

निष्कर्ष

पेंटियम ४ आणि अ‍ॅथलॉन ६४ यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाला कामाचा उल्लेख केल्याविना उत्तर नाही. चित्रफितींच्या कामासाठी एक, खेळांसाठी दुसरा, असेच त्याचे उत्तर २००३ मध्ये होते. कार्यक्षमता हा प्रक्रियकावर छापता येणारा गुण नसून प्रक्रियक आणि काम यांमधील संबंध आहे. तो संबंध वेळेत मोजावा लागतो, आणि ते मोजण्याचे साधन, म्हणजे साधे घड्याळ, प्रत्येक ग्राहकापाशी असतेच.