अपघातानंतरचा लाल डोळा

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागतो, वरची जखम भरते. पण काही दिवसांनी वा आठवड्यांनी एक डोळा लाल होऊन पुढे येऊ लागतो. घरचे ‘डोळे आले’ असे समजून थेंब घालतात. लाली हटत नाही. रुग्णाला नाडीच्या ठेक्यावर घुमणारा आवाज ऐकू येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात.

मूळ डोळ्यात नसून त्याच्या मागे असते. मेंदूकडे जाणारी रोहिणी तेथील नीलांच्या पोकळीत फाटते आणि जोराचे रक्त डोळ्याच्या नीलांमध्ये उलटे शिरते. दाब वाढून दृष्टी जाऊ शकते.

कवटी न उघडता यावर उपचार होतो. जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन, प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी किंवा फुगा बसवून भगदाड बुजवतात. अशा सुट्या होणाऱ्या फुग्याचे आपले अनुभव मॉस्कोचे शल्यविशारद सर्बिनेंको यांनी १९७४ मध्ये जगापुढे मांडले.

सोलापूरकरांनी असे दुखणे अंगावर काढू नये. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो वा जवळचे नेत्रतज्ज्ञ, डोळा दाखवताना डोक्याला लागलेला मार आवर्जून सांगावा. निदानाचा धागा तेथेच सापडतो.