आपल्याच टीममेटला ओव्हरटेक? हे असं का झालं?

२६ जुलै २०२५. महिलांच्या 'टूर द फ्रान्स'चा पहिला टप्पा, वान ते प्लुमलेक, ७८.८ किलोमीटर. शेवटच्या चढावर फ्रान्सची पोलीन फेरां-प्रेवो एकटीच पुढे निघाली. फिनिश लाइन समोर दिसत होती आणि तेवढ्यात तिला मागे टाकलं ते तिच्याच टीमच्या मारियान व्होसनं!

दगाफटका? नाही. मागून मॉरिशसची किम ले कूर वेगानं अंतर कापत होती. पोलीन दमली असती, तर टप्पा दुसऱ्या टीमकडे गेला असता. पहिलीच्या एकूण वेळेतून १० सेकंद वजा होतात, दुसरीच्या ६. दोन्ही एकाच टीमला मिळाले. पिवळी जर्सी ३८ वर्षांच्या व्होसला.

पोलीनसाठी वाईट वाटतंय? ३ ऑगस्टला अख्खी टूर तिनंच जिंकली.