गिऱ्हाइकांचे पत्ते यंत्रात अडकले तर?

दुकानदाराचे भांडवल म्हणजे गल्ल्यातील रोकड आणि गोदामातील माल, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु वीस-पंचवीस वर्षे घासून जमविलेले गिऱ्हाईक, माल देणारे घाऊक व्यापारी, वेळेवर काम देणारे कारागीर, या सर्वांची नावे व पत्ते हेही तेवढेच मोठे भांडवल आहे. माल जळाला तर पुन्हा भरता येतो. पत्त्यांची वही हरवली तर ती कोणत्या बाजारात मिळणार?

हे लिहिण्याचे कारण असे की, आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने नुकतेच आम्हाला आपले जुने 'पाम' यंत्र दाखविले. ते आता सुरू होत नाही. तीनशेच्या आसपास पत्ते त्यात होते. सुदैवाने पुतण्याने त्या काळी आपल्या लिनक्स संगणकावर एक प्रत उतरवून ठेवली होती. फाईलचे नाव 'ॲड्रेसडीबी', शेवटी 'पीडीबी'. ती कोणत्याही नेहमीच्या प्रोग्राममध्ये उघडेना. मग यात हात घालायचे आम्ही ठरविले.

हे यंत्र काय होते?

अमेरिकेतील यू. एस. रोबोटिक्स या कंपनीच्या पाम विभागाने १९९६ साली 'पायलट' नावाचे तळहातावर मावणारे यंत्र बाजारात आणले. पत्ते, भेटीच्या वेळा, कामांची यादी व टिपणे त्यात ठेवता येत. लहान पेन्सिल-सेलवर ते चाले आणि एक बटण दाबले की संगणकाशी जुळवणी होई. पण सेल संपून यंत्र तसेच पडून राहिले की आतले सारे पुसले जाई. पुढे कंपनीचे मालक बदलत गेले. १९९७ साली ती थ्रीकॉमकडे गेली, २०१० साली एचपीने घेतली आणि २०११ साली एचपीने ही यंत्रे बनविणेच थांबविले. यंत्र गेले, कंपनी गेली, उरली ती फाईल.

फाईलची रचना

आपल्या वहीचाच दाखला घ्यावा. आरंभी मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका, मग पाने. मुखपृष्ठ बरोबर ७८ बाईटचे असते. त्यात पहिले ३२ बाईट फाईलच्या नावासाठी असून पुढे तारखा, 'डेटा' हा प्रकार, 'ॲडर' ही चार अक्षरी खूण व शेवटी नोंदींची संख्या असते. त्यामागून अनुक्रमणिका येते. प्रत्येक नोंदीला ८ बाईट मिळतात. चार बाईट ती नोंद फाईलमध्ये कुठे सुरू होते हे सांगतात, एक बाईट खुणांचा आणि तीन बाईट नोंदीच्या क्रमांकाचे. गटांची नावे वेगळ्या भागात असतात व असे १६ गट ठेवता येतात.

एकेका पत्त्यात १९ रकाने आहेत. आडनाव, नाव, कंपनी, पाच फोन, पत्ता, शहर, राज्य, पिन, देश, हुद्दा, चार मोकळे रकाने व टीप. रिकामे रकाने लिहिले जात नाहीत. कोणते रकाने भरले आहेत ते एका आकड्यात सांगितलेले असते. आडनावाचा १, नावाचा २, कंपनीचा ४, पहिल्या फोनचा ८, असे दुप्पट होत जाते. बेरीज १३ आली तर समजावे की आडनाव, कंपनी व पहिला फोन एवढेच लिहिले आहे. मग त्याच क्रमाने तीन मजकूर वाचावेत. प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाईट असतो.

वाचताना कुठे फसगत होते?

पहिली फसगत आकड्यांची. यात मोठ्या किमतीचा बाईट आधी लिहिला जातो, तर आपल्या नेहमीच्या संगणकात उलटे असते. वाचणाऱ्याने हे प्रोग्रामला स्पष्ट सांगावे, नाहीतर तीनशे नोंदींच्या जागी हजारो दिसतील. दुसरी तारखांची. येथे सेकंद १ जानेवारी १९०४ पासून मोजतात, पुष्कळ संगणक १९७० पासून मोजतात. म्हणून २,०८,२८,४४,८०० सेकंद वजा करावे लागतात. तिसरी फोनची. नंबर दुकानाचा, घराचा की फॅक्सचा हे नोंदीच्या आरंभीच्या चार बाईटमध्ये वेगळे दिलेले असते. ते वाचायचे राहिले तर फॅक्सच्या नंबरावर फोन लावत बसावे लागेल.

हे काम सोपे करणारी साधने पूर्वीच तयार झाली आहेत. लिनक्सवरील 'पायलट-लिंक' आणि पर्ल भाषेतील 'पाम-पीडीबी' व 'पाम-ॲड्रेस' ही त्यांपैकी होत.

फाईल तयार करणे

वाचता आले की लिहिणेही जमते. आधी सर्व नोंदी तयार कराव्यात, त्यांची लांबी मोजावी, मगच अनुक्रमणिकेत जागा भरावी. आम्ही प्रथम तीन खोट्या पत्त्यांची फाईल बनविली, आपल्याच प्रोग्रामने ती परत वाचली आणि जुळते आहे याची खात्री झाल्यावरच खऱ्या फाईलला हात लावला. तोही प्रतीवर, मूळ फाईलवर नव्हे. ज्यांचे यंत्र अजून चालते त्यांनी विशेष काळजी घ्यावी. त्याच नावाची फाईल यंत्रात घातली तर आधीची सगळी यादी जाऊन नवी बसते.

एक धोका

यंत्रात काही नोंदी 'खासगी' करण्याची सोय होती. परंतु खुणांच्या बाईटमधील ती केवळ एक खूण आहे. कुलूप नव्हे. फाईल वाचणारा प्रोग्राम खासगी नोंदही तशीच दाखवितो. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला पत्ता ही अमानत आहे. म्हणून जुने यंत्र, जुना संगणक किंवा सीडी भंगारात देण्यापूर्वी आतील माहिती पुसली आहे की नाही हे पाहावे.

त्या व्यापाऱ्याचे पत्ते निघाले. ते आता साध्या तक्त्यात व 'व्हीकार्ड' या फाईलमध्ये आहेत. व्हीकार्ड हा साधा मजकूर असतो आणि आजचे बहुतेक फोन तो वाचतात. पाम फाईलची रचना जगाला माहीत होती म्हणूनच हे साधले. ती गुप्त असती तर तीनशे पत्त्यांवर पाणी सोडावे लागले असते.

आज आपण बिलाचा प्रोग्राम घेतो, फोनमध्ये उधारीची वही ठेवतो. घेण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा. माझी माहिती साध्या फाईलमध्ये बाहेर काढता येते का? उत्तर 'हो' असेल तर समोरच काढून दाखवायला सांगावे आणि दर महिन्याला एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी. यंत्र आज ना उद्या बदलेल. गिऱ्हाईक मात्र आपलेच राहिले पाहिजे.