मुखवटा आणि माणूस

निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले, त्यास आता बराच काळ लोटला. तरीही गावगाड्यातील दुष्ट पाटील म्हटला की मराठी मनासमोर प्रथम त्यांचीच मूर्ती उभी राहते. ते रोखलेले डोळे, तो घोगरा, दबका स्वर! नटाच्या यशाची याहून मोठी पावती ती कोणती, असे कोणी विचारील. आमच्या मते ही पावती अपुरी आहे. इतकेच नव्हे, तर तिच्यात अन्यायाचाही अंश आहे.

निळूभाऊंची जडणघडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात झाली. पोटासाठी त्यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळ्याचे काम केले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटातील झेलेअण्णाने त्यांना पडद्यावर आणले. चित्रपट-व्यवसायाने हा नट अचूक हेरला खरा, परंतु हेरला तो एका साच्यासाठी. एकदा नाणे चालले की तेच पुन्हा पुन्हा पाडावयाचे, हा बाजाराचा जुनाच न्याय आहे. त्या साच्यात निळूभाऊंची कित्येक वर्षे खर्ची पडली.

तो साचा त्यांना किती तोकडा होता, याचा पुरावा रंगभूमीने १९७२ साली दिला. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये कमलाकर सारंग यांनी त्यांना सखारामाची भूमिका दिली. टाकून दिलेल्या स्त्रियांना घरात आणणारा, त्यांच्यावर सत्ता गाजविणारा आणि तरीही ढोंगाचा तिटकारा असलेला हा पुरुष निव्वळ खलनायक नव्हे. नाटकावर परिनिरीक्षण मंडळाची वक्रदृष्टी वळली, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे नाटकाची बाजू मान्य झाली. लोकनाट्यास हलके लेखणाऱ्या आम्हां शहरी सुशिक्षितांना त्याच लोकनाट्यातून आलेल्या नटाने आमचेच दांभिक रूप दाखवावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

पडद्यावरही संधी मिळाली तेव्हा त्यांनी तिचे सोने केले. डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील आरडाओरडा करीत नाही. साखर कारखाना उभारणारा, पाहुण्याचे आदरातिथ्य करणारा हा सत्ताधीश मारुती कांबळेचे काय झाले, या एका प्रश्नाने आतून ढासळत जातो. पुढे १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्ता गाजविणाऱ्याच्या जागी आता सत्तेचा खेळ पाहून पाहून भ्रमिष्ट होणारा साक्षीदार! एकाच दशकात, एकाच दिग्दर्शकाकडे, एका नटाने प्रश्नाच्या दोन्ही बाजू जगून दाखविल्या. १९८४ च्या हिंदी 'सारांश'मधील गजानन चित्रे हा पुढारी पाहिला, म्हणजे भाषेची सीमाही त्यांना आड येत नव्हती, हे पटते.

खेड्यापाड्यांतील आयाबाया त्यांना पाहून बोटे मोडीत, असे सांगतात. त्या भाबड्या रागाला आम्ही हसणार नाही. त्यांनी तसला पाटील प्रत्यक्ष पाहिला असेल. पण ज्याच्या नावाने ही बोटे मोडली जात, तो माणूस 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात उभा होता. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू व इतर कलावंतांबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करणाऱ्यांतही तो होता. अन्यायी माणसाचे सोंग त्यांनी इतके हुबेहूब वठविले, याचे कारण अन्याय त्यांनी जवळून ओळखला होता, त्याच्याशी झगडा मांडला होता.

नाटकाचा प्रयोग पडद्याबरोबर संपतो. सखाराम आज आठवणीतच उरला आहे. चित्रपटाचे तसे नाही. तो जपला तर टिकतो. 'सामना' आणि 'सिंहासन' हे चित्रपट नीट जतन व्हावेत आणि महाविद्यालयीन तरुणांना मोठ्या पडद्यावर पाहावयास मिळावेत, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही. तसे झाले नाही, तर पुढील पिढीस निळू फुले ठाऊक होतील ते नकलाकारांच्या नकलेतून. मुखवटा तेवढा उरेल आणि माणूस हरवेल. तो दोष मात्र नटाचा नसेल, आपला असेल.