पातळपणाचे मोल

१५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील मॉस्कोनी केंद्रात ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी प्रेक्षकांसमोर एक खाकी पाकीट धरले. कचेरीतले कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवण्यासाठी वापरतात त्या जातीचे, दोरा गुंडाळून बंद करावयाचे ते पाकीट होते. त्यातून त्यांनी चक्क एक लॅपटॉप संगणक बाहेर काढला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘मॅकबुक एअर’ हे त्या यंत्राचे नाव. सर्वांत जाड भागी त्याची जाडी १९.४ मिलिमीटर, निमुळत्या कडेला अवघी ४ मिलिमीटर आणि वजन ३ पौंड, म्हणजे सुमारे १ किलो ३६० ग्रॅम होते. किंमत मात्र १,७९९ डॉलरपासून पुढे. त्या वेळच्या विनिमय दराने ती सत्तर हजार रुपयांच्या घरात जात होती.

टाळ्या विरल्या, लोकांनी यंत्राचा तपशील वाचावयास घेतला आणि वादाला तोंड फुटले. एका श्रीमंती वस्तूवरून श्रीमंत देशात झालेला हा वाद तेव्हा अनेकांना क्षुल्लक वाटला असेल. परंतु तो आज पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. कारण त्या वेळी ग्राहकांनी घेतलेल्या आक्षेपांपैकी कोणते काळाने खोडून काढले आणि कोणते खरे ठरवले, हे आता स्पष्ट झाले आहे.

आक्षेपांची यादी

ग्राहकांची पहिली तक्रार अशी की, अधिक पैसे घेऊन कंपनी कमी वस्तू देत आहे. या यंत्रात सीडी-डीव्हीडी चालवण्याची सोय नव्हती. ती हवी असल्यास ९९ डॉलर वेगळे मोजून बाहेरून जोडावयाचे उपकरण घ्यावे लागे. तारेने इंटरनेट जोडण्यासाठी आणखी २९ डॉलरचा जोड हवा होता. यूएसबीचे छिद्र एकच. त्यात माउस लावला तर छपाईयंत्र कोठे लावावयाचे, हा प्रश्न उरे. ध्वनिक्षेपक एकच. हार्ड डिस्क ८० जीबीची, तीही संगीत ऐकण्याच्या आयपॉडमध्ये बसवतात त्या लहान आकाराची आणि मंद गतीची. तिच्याऐवजी ६४ जीबीची फ्लॅश साठवण आणि थोडा वेगवान प्रोसेसर घेतला, तर किंमत थेट ३,०९८ डॉलरवर जाई. सर्वांत मोठा आक्षेप बॅटरीविषयी होता. लॅपटॉपची बॅटरी खटका दाबून काढता-घालता येते, हे तोपर्यंत सर्वांनी गृहीत धरलेले होते. येथे ती आत बंद करून टाकली होती आणि बदलण्यासाठी यंत्र कंपनीकडे देऊन १२९ डॉलर भरावे लागणार होते. स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, चिपाही मुख्य पट्टीवर डाखून टाकलेल्या असल्याने ती पुढे वाढवण्याचा मार्ग बंद होता.

हिशेबही सरळ होता. ॲपलचाच साधा ‘मॅकबुक’ त्याच दिवशी १,०९९ डॉलरला मिळत होता. पडदा दोहोंचा सारखाच, १३.३ इंचांचा. साध्या यंत्राचा प्रोसेसर अधिक वेगवान होता, त्यात डीव्हीडी पाहता येत होती आणि बॅटरी हातांनी काढता येत होती. नव्या यंत्राची मूळ स्मृती दुप्पट होती आणि त्याचे अंग ॲल्युमिनियमचे होते हे खरे. परंतु ७०० डॉलरच्या तफावतीतला मोठा वाटा घटलेल्या जाडीचा आणि दोन पौंड वजनाचाच होता. म्हणजे वगळलेल्या प्रत्येक पौंडामागे सुमारे साडेतीनशे डॉलर मोजावयाचे. शिवाय हलकेपणाच हवा असेल तर तो फार स्वस्तात मिळू शकत होता. तैवानच्या आसुस कंपनीने आदल्याच वर्षी ‘ई पीसी’ नावाचा सात इंची पडद्याचा संगणक चारशे डॉलरच्या आसपास बाजारात आणला होता आणि त्याचे वजन एक किलोपेक्षाही कमी होते. ‘सर्वांत पातळ’ या दाव्यालाही हरकत निघाली. १९९८ मध्ये मित्सुबिशी कंपनीने ‘पेडियन’ नावाचा लॅपटॉप काढला होता, त्याची जाडी १८.४ मिलिमीटर होती. तो अतिशय महाग होता आणि लवकरच बाजारातून नाहीसा झाला, ही गोष्ट निराळी.

लेनोवो या प्रतिस्पर्धी कंपनीने तर हाच हिशेब जाहिरातीत मांडला. खाकी पाकिटात एअर बसतो, परंतु बाहेरून जोडावयाची सारी उपकरणे त्याला जोडली की बसत नाही, असे त्या जाहिरातीत दाखवले होते. आपल्या ‘एक्स ३००’ या हलक्या यंत्रात डीव्हीडीची सोय आतच आहे, हे तिला सांगावयाचे होते.

वस्तू एक, ग्राहक अनेक

हा हिशेब बिनचूक असूनही तो सर्वांना लागू पडत नव्हता. केल्व्हिन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये उपभोगाची जी नवी मांडणी केली, तिचा येथे उपयोग होतो. ग्राहक वस्तू विकत घेतो ती वस्तूसाठी नव्हे, तर तिच्यातील गुणांसाठी, असे त्याचे म्हणणे. लॅपटॉप हा वेग, साठवण, वजन, पडदा, कळफलक, टिकाऊपणा अशा अनेक गुणांचा समुच्चय आहे आणि प्रत्येक ग्राहक या गुणांना आपापल्या गरजेप्रमाणे निरनिराळे मोल देतो. आठवड्यातून चार दिवस विमानतळांवर काढणाऱ्या सल्लागाराला खांद्यावरचे दोन पौंड उतरणे हे सातशे डॉलरच्या मोलाचे असू शकते. वर्षाकाठी एकदाही प्रवास न करणाऱ्या आणि एकाच संगणकावर सर्व कामे उरकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच दोन पौंडांचे मोल जवळजवळ शून्य असते. ‘ई पीसी’ हलका होता, परंतु त्याच्या आखूड कळफलकावर दहा पानांचा अहवाल टंकलिखित करणे कष्टाचे होते. पूर्ण आकाराचा कळफलक आणि पडदा कायम ठेवून वजन व जाडी घटवणे हेच अवघड होते. त्यासाठी इंटेलला आपल्या प्रोसेसरचे वेष्टण ६० टक्क्यांनी लहान करावे लागले होते. खर्च तेथे झाला होता.

येथे एक बाब मात्र नजरेआड करता येत नाही. डीव्हीडी वाचण्याच्या गैरसोयीवर कंपनीने तोड काढली होती, ती अशी की, शेजारच्या दुसऱ्या संगणकात तबकडी घालावी आणि बिनतारी जोडणीने ती एअरवर वाचावी. म्हणजे हे यंत्र घेणाऱ्याच्या घरी दुसरा संगणक असणारच, हे यंत्राच्या रचनेतच गृहीत धरलेले होते. ज्याला आयुष्यभराच्या पुंजीतून एकच संगणक घ्यावयाचा आहे, त्याचा विचार तेथे नव्हता. एकच यंत्र घेऊ शकणाऱ्यांचा रोष यातून निर्माण झाला आणि तो अनाठायी नव्हता.

मिरवण्याचा भागही होताच. थॉर्स्टाइन वेब्लेन याने १८९९ मध्येच दाखवून दिले होते की, काही वस्तूंची किंमत हाच त्यांचा गुण असतो. त्या परवडतात हे चारचौघांना दिसावे म्हणून त्या घेतल्या जातात. कॉफीगृहाच्या टेबलावर ठेवलेला तो पातळ पत्रा हे काम चोख बजावत होता. पातळपणाची कौतुककथाही लवकरच तयार झाली. ‘न्यूजवीक’चे पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी त्याच वर्षी लिहिले की, परीक्षणासाठी मिळालेला एअर त्यांच्या घरातून नाहीसा झाला आणि तो बहुधा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेला असावा. हौसेला मोल नसते, ही म्हण अशा वस्तूंना लागू पडते. परंतु हौसेवर टीका करून विषय संपत नाही. कारण पुढे जे घडले, त्यात या हौशी ग्राहकांचा वाटा मोठा आहे.

आधी घेणाऱ्यांचा भुर्दंड

जून २००९ मध्ये एअरची किंमत १,४९९ डॉलरवर आली. ऑक्टोबर २०१० मध्ये नवी रचना आली, तेव्हा ११.६ इंची पडद्याचे यंत्र ९९९ डॉलरला मिळू लागले आणि त्यात फ्लॅश साठवणच होती. पावणेतीन वर्षांपूर्वी जी ६४ जीबीची फ्लॅश घेतल्यास यंत्र तीन हजारांवर जात होते, ती आता हजार डॉलरच्या आतल्या यंत्रात आली. यूएसबीची छिद्रे दोन झाली, ध्वनिक्षेपकही दोन झाले. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाने पातळ लॅपटॉपांचा नवा वर्गच जाहीर केला आणि तसले संशोधन करणाऱ्या उद्योगांसाठी ३० कोटी डॉलरचा निधी उभारला. डीव्हीडीची सोय नसलेला लॅपटॉप २००८ मध्ये अपुरा वाटला होता. पुढील दशकात तीच सर्वसाधारण रीत झाली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एअरची अमेरिकेतील किंमतही ९९९ डॉलरपासूनच सुरू होत होती.

तात्पर्य, तबकडीविषयीचा आणि किंमतीविषयीचा आक्षेप काळाने निकालात काढला. टिकाऊ वस्तूंच्या बाजारात हे नेहमीच घडते. रोनाल्ड कोस याने १९७२ मध्ये असे दाखवले की, टिकाऊ वस्तूचा एकमेव विक्रेतासुद्धा चढी किंमत फार काळ टिकवू शकत नाही; कारण आज ना उद्या किंमत उतरेल, हे ग्राहक ओळखतात आणि थांबतात. ज्यांना थांबवत नाही, ते अधिक पैसे देतात. एअरच्या आधी चारच महिने याचा अनुभव ॲपलच्या ग्राहकांनी घेतला होता. जून २००७ मध्ये ५९९ डॉलरला विकलेला आयफोन सप्टेंबरात ३९९ डॉलरवर आणला गेला, तेव्हा आधी घेतलेल्यांनी एवढा गिल्ला केला की, कंपनीला त्यांना १०० डॉलरची खरेदीसूट द्यावी लागली. एअरच्या किंमतीकडे लोकांनी संशयाने पाहिले, त्यामागे ही ताजी आठवण असणे स्वाभाविक होते.

आरंभी महाग यंत्र घेणारा ग्राहक एका अर्थाने नंतर येणाऱ्या सामान्य ग्राहकाचा खर्च उचलतो आणि धोकाही पत्करतो. डेलने २००९ मध्ये १,९९९ डॉलरपासून काढलेला ‘अडामो’ असाच पातळ आणि देखणा होता. तो दोन वर्षांत बंद पडला. कोणता प्रयोग टिकेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून थांबून पाहणारा ग्राहक मागासलेला नसतो. तो शहाणपणाने वागत असतो.

न सुटलेला आक्षेप

परंतु यादीतील एक आक्षेप ना किंमत उतरल्याने मिटला, ना तंत्र सुधारल्याने. २०१० च्या नव्या रचनेत यूएसबीचे छिद्र वाढले, पण बॅटरी बंदच राहिली. तत्पूर्वी २००९ मध्येच कंपनीने आपल्या मोठ्या ‘मॅकबुक प्रो’ यंत्रांतही बॅटरी आत बंद करून टाकली होती. २०१२ मध्ये त्या मालिकेतील नव्या यंत्रात ती चिकटवली गेली आणि स्मृतीही डाखली गेली. इतर उत्पादकांनी थोड्याफार फरकाने हाच मार्ग धरला. याचे समर्थन पूर्णपणे खोटे नव्हते. काढता येणाऱ्या बॅटरीला स्वतंत्र कवच, खटका आणि भिंत लागते. ती जागा वाचवली तर बॅटरी मोठी करता येते आणि ती अधिक काळ चालते. परंतु बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. ती काही वर्षांनी उतरणारच. मग ती बदलण्याचा खर्च आणि खोळंबा कोणाच्या माथी, हा प्रश्न किंमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

पातळपणासाठी अधिक पैसे देणाऱ्याने हा सौदा जाणूनबुजून केला होता. पुढे मात्र पातळपणाची विशेष गरज नसलेल्या ग्राहकालाही तीच रचना घ्यावी लागली. कारण बाजारात दुसरी निवडच आकसत गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये स्मृतीची पट्टी विकत घ्यावी, चार स्क्रू सोडवून ती बसवावी आणि जुन्या यंत्राचे आयुष्य आणखी तीन वर्षे वाढवावे, ही सोय मध्यमवर्गीय ग्राहकाच्या दृष्टीने लहान नव्हती. डाखलेल्या चिपेपुढे त्या दुकानांतील कारागिराचे कौशल्य थिटे पडते. खरेदीच्या दिवशीच भावी गरजेचा अंदाज बांधून अधिक स्मृतीचे महाग यंत्र घ्यावे, नाहीतर लवकर नवे यंत्र घ्यावे, एवढेच पर्याय उरतात.

या तक्रारीची दखल शेवटी बाजाराने नव्हे, तर कायद्याने घेतली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर त्यांच्या दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. ॲपलने २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका देण्याची योजना सुरू केली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच वर्षी ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार अशा उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागणार आहे. त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवलेली आहे.

२००८ मध्ये ज्या तक्रारीची जुन्या वळणाच्या माणसांची कुरकुर म्हणून बोळवण झाली, तिला सरकारी नियमाचे रूप यावयास पंधरा वर्षे लागली. त्या काळात कोट्यवधी यंत्रे विकली गेली. ग्राहकाने किंमतीवर आणि छिद्रांच्या संख्येवर जेवढा आवाज उठवला, तेवढा बॅटरीवर सातत्याने उठवला असता तर एवढा विलंब लागला नसता. वस्तू एकट्याने घेणाऱ्याचा आवाज क्षीण असतो, हे खरे. परंतु शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये संगणक घेतात ते डझनांनी. त्यांच्या खरेदी समित्या दरपत्रके मागवताना वेग, साठवण आणि किंमत यांचे रकाने नेमाने आखतात. त्याच तक्त्यात बॅटरी बदलण्याचा खर्च, स्मृती वाढवण्याची सोय आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील याची लेखी हमी, असे तीन रकाने वाढवले, तर विक्रेत्याला ते भरावे लागतील. सर्वांत कमी दराची निविदा या तीन रकान्यांच्या बेरजेनंतरही सर्वांत कमी राहते काय, हे तेव्हाच कळेल.